समजायला वेळ लागतो

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मधला एक प्रसंग मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला आहे. आंघोळ झालेल्या लहानग्या श्यामला ओल्या तळव्यांना माती लागू द्यायची नसते. तो हट्ट धरतो आणि आई आपले ओचे धोंड्यावर पसरते. पाय मळू नयेत म्हणून जपतोस तसे मनही जप, असे ती त्याला सांगते. हा प्रसंग वर्गात वाचून झाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: आईने धोंड्यावर काय पसरले? तीस हात वर जातात, उत्तर येते, बाई पुढे सरकतात. मग कधीतरी वेगळा प्रश्न येतो. एरवी इतकी कडक असणाऱ्या या आईने हा हट्ट का पुरवला? हात खाली येतात. वर्ग गप्प होतो. ही शांतता फार वेळ टिकत नाही, कारण ती मुलांच्या आधी शिक्षकालाच अवघड होते. ‘‘मुलावर संस्कार करण्यासाठी. लिहून घ्या,’’ असे म्हणून बाई उत्तर देऊन टाकतात आणि तीस वह्यांत एकच वाक्य उतरते.

त्या गप्प क्षणात मुलांच्या डोक्यात काय चालले होते, हे कोणालाच कळत नाही. वाचलेले समजायला शिकवायचे कसे, यावर गेल्या पन्नास वर्षांत जगभर जे संशोधन झाले, त्यातला बराच भाग या क्षणाभोवती फिरतो.

अमेरिकेतील मेरी बड रो यांनी १९७०च्या आसपास वर्गांतील संवादाचे ध्वनिमुद्रण करून ते मोजायला सुरुवात केली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतो? सरासरी सुमारे एक सेकंद. तेवढ्यात उत्तर आले नाही तर शिक्षक प्रश्न पुन्हा विचारतो, दुसऱ्या मुलाकडे वळतो किंवा स्वतःच उत्तर सांगतो. मुलाचे उत्तर संपल्यावरही तीच घाई असते: सेकंदभरात शिक्षकाचे ‘बरोबर’ किंवा ‘नाही’ येऊन पडते. रो यांनी शिक्षकांना दोन्ही ठिकाणी तीन सेकंद थांबायचा सराव दिला. एवढ्यानेच उत्तरे लांबली, ‘माहीत नाही’ म्हणणारी मुले कमी झाली, आपणहून बोलणारी वाढली, मुले उत्तरासोबत कारण देऊ लागली आणि एकमेकांच्या म्हणण्यावर बोलू लागली. शिक्षकांचे प्रश्नही बदलले. संख्येने कमी झाले, पण जास्त कस पाहणारे झाले. सावकाश जाणे हाच वेग वाढवण्याचा मार्ग असू शकतो, अशा अर्थाचे शीर्षक त्यांनी १९८६मधल्या लेखाला दिले.

त्यांच्या नोंदींमधली एक गोष्ट मनाला लागते. हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षक जास्त थांबत आणि मागे पडलेल्या मुलांसाठी कमी. ज्याला वेळ हवा त्याच्याच वाट्याला तो कमी येत होता. यामागे दुष्टपणा नव्हता. या मुलाला येणार नाही, मग त्याला उगाच का लाजवा, अशा कळवळ्यापोटीही असे होते. पण मुलाला त्यातून एवढेच कळते की आपल्याकडून उत्तराची अपेक्षा नाही.

रो यांचे मूळ काम विज्ञानाच्या वर्गांतले होते, आणि तीन सेकंद हा काही मंत्र नव्हे. ‘गगन या शब्दाचा अर्थ सांग’ या प्रश्नावर कितीही थांबले तरी अर्थ येत असेल तर येतो, नसेल तर नाही. थांबण्याला मोल येते ते थांबण्याजोगा प्रश्न विचारला तरच. इथे दुसरी अडचण सुरू होते. ह्यू मेहान यांनी १९७९ साली वर्गसंवादाचा एक साचा मांडला: शिक्षक विचारतो, विद्यार्थी उत्तर देतो, शिक्षक निवाडा देतो. मराठी वर्गात या साच्याचा शेवट दोन शब्दांत होतो: ‘‘बरोबर. बस.’’ या ‘बस’बरोबर बाकीच्या सगळ्या मुलांचा विचारही खाली बसतो. शिक्षकाला आधीच ठाऊक असलेले उत्तर एकदा सापडले की शोधायला काही उरत नाही.

हा साचा मोडण्याचे अनेक प्रयत्न झाले. इझाबेल बेक आणि मार्गारेट मॅककिओन यांनी लेखकालाच प्रश्न विचारायची रीत बसवली. इथे लेखकाला काय सांगायचे असेल, त्याने ते नीट सांगितले आहे का, असे उतारा मध्येच थांबवून विचारायचे. पुस्तकही माणसानेच लिहिलेले असते, त्याचेही काही सांगायचे राहून जाऊ शकते, हे मुलांना त्यातून कळते. ब्रिटिश लेखक एडन चेंबर्स यांनी तर ‘का’ हा शब्दच शक्यतो टाळायला सांगितला, कारण मुलाला तो उलटतपासणीसारखा वाटतो. त्याऐवजी ‘मला सांग’ म्हणायचे. काय आवडले, काय आवडले नाही, कुठे कोडे पडले, कुठे काही पुन्हापुन्हा आलेले दिसले, एवढ्या चार वाटांनी त्यांची चर्चा सुरू होते. यातली कोड्याची वाट सर्वांत कसदार आहे. आपल्याकडे ‘काय समजले नाही?’ हा प्रश्न कमीपणा दाखवणारा असतो. चेंबर्स यांच्या वर्गात तीच चर्चेची सुरुवात असते.

वेळ दिला, प्रश्नही चांगला विचारला, तरी विचार कसा करायचा हे मुलाला दाखवावे लागतेच. अॅनमेरी पॅलिंक्सर आणि अॅन ब्राउन यांनी १९८४ साली मांडलेल्या पद्धतीत मुले लहान गटात आळीपाळीने शिक्षक होतात. उताऱ्यावर प्रश्न काढणे, सार सांगणे, अडलेले उलगडणे आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधणे, ही चार कामे आधी शिक्षक मोठ्याने बोलत करून दाखवतो आणि मग हळूहळू मुलांच्या हाती सोपवतो. फ्रँक लायमन यांची १९८१ची युक्ती याहून सोपी आहे: आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी बोलणे, मग वर्गाला सांगणे. पन्नास मुलांच्या वर्गात एकेकाला बोलायला मिळणे अशक्य असते, पण शेजाऱ्याशी पंचवीस जोड्या एकाच वेळी बोलू शकतात. थोडा गलका होतो. मुख्याध्यापकांनी तो ऐकून दारातून डोकावू नये, एवढीच सोय हवी.

आकलन शिकवले जाते की नुसतेच तपासले जाते, हा या विषयातला सर्वांत जुना आणि सर्वांत टोचणारा प्रश्न आहे. डोलोरेस डर्किन यांनी १९७८–७९मध्ये अमेरिकेतील चौथीच्या वर्गांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. वाचनाच्या ४,४६९ मिनिटांच्या अध्यापनात आकलन शिकवण्यावर खर्च झालेला वेळ होता २० मिनिटे. उरलेल्या वेळात प्रश्न विचारून उत्तरे तपासणे आणि कार्यपत्रिका सोडवून घेणे चालले होते. शिक्षक कामचुकार नव्हते. प्रश्न विचारणे म्हणजेच शिकवणे, अशी त्यांची समजूत होती. आपल्याकडच्या पाठ टाचणाच्या पायऱ्या आठवून पाहाव्यात. आदर्श वाचन, प्रकट वाचन, शब्दार्थ, मूकवाचन, आशयावरचे प्रश्न, गृहपाठ. या यादीत मूल बसून विचार करते ती पायरी कोणती? मूकवाचनाची असू शकली असती, पण पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत सर्वांत आधी कात्री लागते ती तिलाच.

महाराष्ट्रातल्या वर्गांचे असे बारकाईने निरीक्षणही झालेले आहे. अझीम प्रेमजी विद्यापीठाने शैलजा मेनन यांच्या नेतृत्वाखाली पालघर जिल्ह्यातील वाडा आणि कर्नाटकातील यादगीर इथे मराठी आणि कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा पहिलीपासून तीन वर्षे माग ठेवला. वाड्याजवळ काम करणारी, नीलेश निमकर यांनी उभारलेली ‘क्वेस्ट’ ही संस्था त्यात सहभागी होती. वर्गातला कितीतरी वेळ फळ्यावरचे उतरवण्यात आणि सामूहिक घोकण्यात जातो, आणि आकलन म्हणजे मजकुरात जे सरळ लिहिलेले आहे ते शोधून काढणे एवढेच मानले जाते, असे चित्र त्यातून पुढे आले. आधी अक्षरे, मग शब्द, मग वाक्ये आणि सगळे आले की शेवटी अर्थ, ही रांग शिक्षकांच्या मनात पक्की असते.

या रांगेतला धोका सोनाली नाग यांच्या कन्नड वाचनावरील कामातून लक्षात येतो. भारतीय लिप्यांतली अक्षरे, काना-मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांचा संच इतका मोठा असतो की मुलांचे अक्षरशिक्षण चौथीपर्यंत चालूच राहते. अर्थ त्यानंतर शिकवू म्हटले तर अर्धी प्राथमिक शाळा अर्थावाचून जाते.

मात्र वेगाची बाजूही खोटी नाही. लाबर्ज आणि सॅम्युएल्स यांनी १९७४ साली मांडलेला मुद्दा आजही टिकून आहे: माणसाचे लक्ष मर्यादित असते, आणि शब्द ओळखण्यातच ते संपले तर अर्थासाठी उरत नाही. ‘निष्क्रिय’ या शब्दाशी झगडत वाक्याच्या टोकाला पोचलेल्या मुलाला वाक्याची सुरुवात आठवत नाही. ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या २०२४च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांमधील पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. बाकीच्या मुलांना तेवढेही वाचता येत नाही. त्यांना सखोल विचारासाठी वेळ द्या म्हणणे पुस्तकी वाटेल. पण ऐकलेल्या गोष्टीवर विचार करायला वाचता यावे लागत नाही. शिक्षकाने गोष्ट वाचून दाखवावी आणि मुलांनी तिच्यावर बोलावे, हे पहिलीच्या पहिल्या आठवड्यापासून जमते. गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’मधला प्रयोगशील शिक्षक पहिला दिवस फसल्यावर गोष्टींकडेच वळतो, ते १९३०च्या दशकात.

जुलै २०२१मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीसाठी किमान ६० शब्द असे लक्ष्य ठेवले. ते समजून वाचण्याचे लक्ष्य आहे. कागदावर अर्थाचा उल्लेख स्पष्ट आहे. पण मोबाइलवरच्या घड्याळाने शब्द मोजता येतात, समज मोजता येत नाही. शाळाभेटीला आलेला अधिकारी जे मोजतो तेच वर्गात शिकवले जाते. साठ शब्दांचा टप्पा हा उंबरठा आहे. तो ओलांडलेल्या मुलाला आणखी पळवण्यात काही मिळत नाही. कीथ रेनर आणि सहकाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचालींवरील अभ्यासात तर असे दिसते की तरबेज वाचकाची नजरही शंभरातल्या दहा-पंधरा वेळा मागे फिरते आणि मजकूर अवघड झाला की अधिक फिरते. मुलाने मागची ओळ पुन्हा वाचली तर त्याला ‘अडखळतो’ म्हणण्याआधी हे लक्षात ठेवायला हवे.

आणखी एक अडसर आहे. विचार करायला वेळ दिला, पण विचार करायला डोक्यात काही नसेल तर? रेक्ट आणि लेस्ली यांनी १९८८ साली सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या एका सामन्याचा उतारा वाचायला दिला. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. देशावरच्या मुलाला भरती-ओहोटीचा धडा आणि कोकणातल्या मुलाला पोळ्याचा धडा वाचताना हेच होते. इथे वेळ द्यायचा तो वाचनाच्या आधी: गप्पांना, चित्राला, गावातल्या माहीतगार माणसाला. घरी वारली, कातकरी, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला तर विचार एका भाषेत करून दुसऱ्या भाषेत मांडायचा असतो. त्याला सेकंदभरात उत्तर मागणे म्हणजे त्याचा विचार मोजण्याआधीच बाद करणे. घरच्या भाषेत आधी बोलू दिले तर तोच मुलगा काय काय सांगतो!

मजकुरावर किती काळ थांबता येते, याचे सर्वांत टोकाचे आणि सर्वांत मोहक उदाहरण जपानमधले आहे. कोबे शहरातल्या नादा या शाळेत ताकेशी हाशिमोतो हे शिक्षक जपानी भाषा शिकवत. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५०पासून, त्यांनी पाठ्यपुस्तक बाजूला ठेवले आणि माध्यमिक शाळेची पुरी तीन वर्षे एकच छोटे पुस्तक शिकवायला घेतले: नाका कान्सुके यांचे बालपणाच्या आठवणींवरचे ‘चांदीचा चमचा’. कथेत जुन्या पद्धतीची मिठाई आली की वर्गात ती मिठाई वाटली जाई आणि खाता खाता वाचन चाले. पतंगाचा उल्लेख आला की मुले पतंग बनवून उडवत. एखाद्या शब्दावरून वाट फुटली की तास त्या वाटेने जाई. हाशिमोतो स्वतःच्या हाताने टिपणांची पाने तयार करून मुलांना देत. प्रत्येक प्रकरणाला स्वतःच्या मनाने शीर्षक देणे, शब्दांचा माग काढणे, सार लिहिणे अशी कामे त्यात असत. पालकांना शंका येणे साहजिक होते, कारण जपानमधल्या प्रवेशपरीक्षा किती जीवघेण्या असतात ते सर्वांना ठाऊक आहे. १९६८ साली टोकियो विद्यापीठात सर्वाधिक विद्यार्थी पाठवणारी शाळा म्हणून नादाचे नाव पहिले आले. याचे सगळे श्रेय एका पुस्तकाला देणे अतिशयोक्ती ठरेल. ती निवडक मुलांची शाळा होती. पण तीन वर्षे एका पुस्तकात रमलेली मुले परीक्षेत मागे पडली नाहीत, एवढे निश्चित. हाशिमोतो २०१३ साली वयाच्या एकशे एकाव्या वर्षी वारले.

हा अपवाद म्हणून सोडून देता येत नाही, कारण जपानच्या साध्या शाळांतही चौथीला नीमी नांकिची यांची १९३२मधली ‘गोन कोल्हा’ ही कथा कित्येक तासिका शिकवली जाते. खोडकर गोन एका माणसाची मासळी पळवतो, त्या माणसाची आई वारल्यावर पस्तावतो आणि गुपचूप त्याच्या घरी चेस्टनटची फळे ठेवू लागतो. माणूस कोल्ह्याला पाहतो, चोर समजून गोळी झाडतो आणि मग त्याला ती फळे दिसतात. शेवटी बंदूक हातून गळते, नळीतून धूर निघत राहतो. त्या क्षणी दोघांना एकमेकांचे मन कळले का? एवढ्या एका प्रश्नावर दहा वर्षांची मुले पूर्ण तास वाद घालतात, आणि दर वेळी त्यांना पुस्तकातल्या ओळीकडे बोट दाखवावे लागते.

मराठी माणसाला हे परके वाटायचे कारण नाही. आपल्याकडे ग्रंथ वाचण्याच्या दोन रीती शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. ज्ञानेश्वरीचे पारायण सात दिवसांत होते. नऊ हजारांवर ओव्या एका सप्ताहात वाचून होतात. त्याच मंडपात संध्याकाळी कीर्तनकार एकच अभंग घेतो आणि दोन तास त्यातच असतो. शब्द सोडवतो, दृष्टांत देतो, चरणाकडे परत येतो, पुन्हा निघतो. पारायणात ओघ असतो आणि निरूपणात उकल. समाजाला दोन्हींची गरज वाटली म्हणून दोन्ही टिकले. शाळेने मात्र फक्त पारायण उचलले आणि त्याला ‘पोर्शन’ असे नाव दिले. वर्षभरात ठरलेले धडे व्हायलाच हवेत, दिवाळीपर्यंत अमुक, जानेवारीपर्यंत तमुक. श्रवणानंतर मनन आणि मननानंतर निदिध्यासन हा क्रम उपनिषदांपासून सांगणाऱ्या परंपरेत मुलांचे भाषाशिक्षण श्रवणावरच थांबावे, ही मोठी खंत आहे.

परीक्षेने हे बदलायचा प्रयत्न केला, हे मान्य करायला हवे. दहावीच्या मराठीला प्रश्नपत्रिकेऐवजी ८० गुणांची कृतिपत्रिका आली. तिच्यात आकलनाच्या कृतींसोबत स्वमताला जागा मिळाली आणि अपठित उताराही आला. हेतू उत्तम होता. पण बाजारातल्या गाइडांनी लगेच स्वमतेही छापली, आणि आता हजारो मुले दुसऱ्याने लिहिलेले स्वतःचे मत पाठ करून परीक्षागृहात जातात. स्वमत तयार व्हायला लागणारा वेळ वर्षभरात कुठेच दिला नाही तर तीन तासांत ते कुठून येणार? दोष मुलांचा नाही, आणि एकट्या शिक्षकाचाही नाही.

मराठीत साधनांचीही अगदीच वाण नाही. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी उभारलेल्या प्रगत शिक्षण संस्थेने वाचन आणि अर्थ यांची ताटातूट न करता शिकवता येते हे अनेक दशके दाखवले आहे. माधुरी पुरंदरे यांचे ‘वाचू आनंदे’ साहित्याचे वेचे, चित्रे आणि त्यांभोवतीच्या कृती घेऊन मुलाला रेंगाळायला लावते. कमी आहे ती हे वर्गात उघडायला लागणाऱ्या मोकळ्या तासाची. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा होतो, तो एक दिवस.

‘एवढा वेळ आणायचा कुठून?’ हा शिक्षकांचा प्रश्न खरा आहे, विशेषतः दोन शिक्षकी शाळेत, जिथे माहिती भरण्याची कामेही त्याच दोघांना करायची असतात. त्याचे अर्धे उत्तर साध्या हिशेबात आहे. तासिकेत दहा प्रश्न विचारले आणि प्रत्येक प्रश्नानंतर तीन व प्रत्येक उत्तरानंतर तीन सेकंद थांबले, तर एकूण एक मिनिट लागते. उरलेले अर्धे शिक्षकाच्या हातात नाही. वर्षातले तीन-चार धडे निरूपणासाठी निवडून प्रत्येकाला आठवडाभर द्यायचा, तर बाकीचे काही धडे मुलांनी स्वतः वाचावेत म्हणून सोडायची मुभा हवी. ती अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी लेखी दिली पाहिजे. आणि शाळाभेटीला येणाऱ्या केंद्रप्रमुखांनी व विस्तार अधिकाऱ्यांनी ‘किती धडे झाले?’ या प्रश्नाला आणखी एक प्रश्न जोडावा: या महिन्यात मुले कोणत्या धड्यावर सर्वांत जास्त थांबली, आणि कशासाठी? त्या उत्तरासाठी टाचणवहीत एक रकाना आखायला शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.